शपथेनंतरचा आठवडा

कोल्हापूर जिल्ह्यात तंबाखू सोडण्याच्या रीती पुष्कळ आहेत आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक रीत एका दिवसात पुरी होते. कोणी आदमापूरला बाळूमामांच्या दारात भंडारा उचलतो, कोणी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाला साक्षी ठेवतो, कोणी आषाढीला पंढरपुरात गळ्यात तुळशीची माळ घालून येतो. काशीला जाऊन आवडीची एखादी वस्तू सोडायची चाल तर फार जुनी. या देवाधर्माच्या रांगेत अलीकडे सरकारही येऊन बसले आहे: ३१ मे रोजी कचेऱ्यांत उजवा हात पुढे करून तंबाखूमुक्तीची प्रतिज्ञा घेतली जाते, आणि होळीला चौकाचौकांत विड्यांची बंडले नि गुटख्याच्या पुड्या जाळल्या जातात. या सगळ्या रीतींना साक्षीदार असतात, तारीख असते, थोडा सोहळाही असतो. दुसऱ्या दिवसाची तजवीज मात्र एकीतही नसते. चारशे वर्षांत या मुलखाने तंबाखू सोडण्याविषयी जो विचार केला, तो एकदाच घडणाऱ्या घटनेचा विचार आहे. बादशहाचे फर्मान असो, देवापुढची आण असो किंवा मंत्रालयाची अधिसूचना असो, सोडले म्हणजे सुटले, हे गृहीत तिन्हींत एकच. सोडलेली वस्तू पुन्हा हाती येते, बहुधा येतेच, याला त्या विचारात जागा नाही. म्हणून जो घसरतो तो लपतो, आणि त्याचे लपणेच त्याला पुढच्या प्रयत्नापासून सर्वांत लांब नेते, असे मला वाटते.

हे गृहीत इथे तंबाखूच्या बरोबरीनेच आले. पोर्तुगीजांनी आणलेले हे पान सोळावे शतक संपता संपता दख्खनमध्ये चांगले रुजले होते. अकबराचा वकील असद बेग काझविनी १६०४ च्या सुमारास आदिलशाही दरबारी आला तेव्हा त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिली ती विजापुरात. पन्हाळा आणि आजच्या कोल्हापूरचा मुलूख त्या वेळी याच आदिलशाहीत मोडत होता. परत गेल्यावर त्याने सजवलेला हुक्का आणि तंबाखू बादशहापुढे ठेवली. हकिमांनी हरकत घेतली की आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही. असद बेगचे उत्तर असे होते की जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते. अकबराने थोडे झुरके घेतले, हकिमांचे ऐकले आणि पुढे नाद लावून घेतला नाही. पण उरलेली तंबाखू असद बेगने अमीर-उमरावांत वाटली होती. ते पुन्हा मागू लागले आणि थोड्याच काळात व्यापाऱ्यांनी ती विकायला मांडली. दरबारात एकाने नकार दिला, बाजारात तिला गिऱ्हाईक मिळाले. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. त्याच्या आत्मचरित्रातली त्याच प्रसंगाची नोंद बंदीपेक्षा बोलकी आहे. इराणच्या शाह अब्बासनेही अशीच मनाई केली होती, आणि जहांगीरचा स्वतःचा वकील खान आलम त्याच शहाच्या दरबारी राहत होता. या माणसाला तंबाखूवाचून क्षणभर राहवत नाही हे शहाच्या कानावर घातले गेले. शहाने रागावण्याऐवजी काव्यात उत्तर धाडले आणि सूट दिली. खान आलमने तितक्याच आनंदाने काव्यातच आभार मानले. दोन बादशहांच्या दोन बंद्या एका माणसाच्या तलफेपुढे थिट्या पडल्या, आणि हे खुद्द बंदी घालणाऱ्यानेच लिहून ठेवले. फर्मान काढणारे पुढेही झाले. असे प्रांजळपणे लिहून ठेवणारा मात्र क्वचितच भेटतो.

कोल्हापूरच्या माणसाला विडी सोडायची तर तो काय काय सोडत असतो, हे कळायला शहराच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर गेले पाहिजे. निपाणी आज कर्नाटकात आहे, पण तिची पेठ, तिची भाषा आणि तिचे सोयरेधायरे कागल, गडहिंग्लज, कोल्हापूरशी बांधलेले आहेत. विडीच्या तंबाखूचे हे देशातले एक मोठे केंद्र. जिल्ह्याच्या पूर्वेला शाहू महाराजांनी आपल्या जनक वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपुरातही तंबाखूचा व्यापार वाढला. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरात हे पीक नोंदलेले आहे. शेंडा खुडलेली, उन्हात वाळवलेली, चाकी लावून ऊब आणलेली ही तंबाखू वखारीत यायची आणि तिथे बायका ती कुटायच्या, चाळायच्या, पाखडायच्या. त्या धुळीत दिवसभर बसलेल्या बाईला नाकातोंडातून तंबाखू मिळतच असे; वर दात घासायला मिशरी होतीच. या वखारींतल्या कामगार बायकांनी संघटना बांधून मजुरीसाठी लढा दिला, आणि त्यावर युगांतर या गटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्याच्या आधीच्या वर्षी, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते; ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही जण मारले गेले. सरकारचे या पिकाशी नाते तर आणखी जुने. १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर बसला आणि शेतातल्या पिकापासून वखारीतल्या पोत्यापर्यंत परवान्यांची साखळी तयार झाली. कच्च्या तंबाखूवरचा तो कर १९७९ मध्ये उठला, तयार मालावरचा राहिला. म्हणजे शपथ घेणाऱ्याच्या भोवती एक अख्खा मुलूख होता ज्याचे पोट, मजुरी, महसूल आणि राजकारण त्याच्या पुढच्या विडीवर अवलंबून होते. अशा ठिकाणी घसरणाऱ्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणणे सोपे आहे आणि अपुरेही.

विडीचे दुसरे बळ तिने अडवलेल्या वेळेत होते. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटवर बहिष्कार आला तेव्हा विडीचा धंदा देशभर फोफावला. सिगारेट साहेबाची आणि विडी आपली, असा एक मानही तिला मिळाला. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, कोल्हापुरात शाहू मिल उभी राहिली, आणि पुढच्या काही दशकांत उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे आणि ओतकामाचे कारखाने आले. शेतावर विसावा बांधावर घेतला जातो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कारखान्यात विसाव्याला कारण लागते. भट्टीपुढून दहा मिनिटे बाजूला होणाऱ्याला मुकादम हटकतो. विडी ओढायला गेलेल्याला हटकत नाही. हातावर तंबाखू मळणाऱ्याभोवती चारजण जमतात, चुन्याची डबी फिरते, न मागता चिमूट पुढे येते, आणि त्या चिमटीबरोबर गावची बातमी, उसनवारी, लग्नाची बोलणी हेही होते. म्हणजे सोडणारा माणूस एक पदार्थ सोडताना दिवसातल्या पाच-सहा विसाव्यांवर आणि एका बैठकीवरही पाणी सोडतो. शपथेत हे कुठेच मोजलेले नसते. तो विडी देवाला वाहून येतो आणि सोमवारी सकाळी दहा वाजता पुन्हा त्याच भट्टीपुढे, त्याच चौघांत उभा असतो. खिशात काही नसते, पण शेजारचा हात पुढे आलेला असतो आणि त्याला नाही म्हणणे म्हणजे त्या माणसाला नाही म्हणणे.

तंबाखूच्या पानातला निकोटिन हा द्रव्यांश हायडेलबर्गच्या पॉसेल्ट आणि राइमन यांनी १८२८ मध्ये वेगळा काढला. तो माणसाला जखडतो हे अमेरिकेच्या सर्जन जनरलने अधिकृत अहवालात म्हणेपर्यंत मात्र १९८८ उजाडले. मधल्या दीडशे वर्षांत जगभर तंबाखूला ‘सवय’ म्हणत होते, आणि सवय म्हटले की ती मोडणे हा निश्चयाचा प्रश्न ठरतो. आता जे ठाऊक आहे ते असे: निकोटिन सुटल्यावर चिडचिड, झोपमोड, अस्वस्थता आणि कशातच लक्ष न लागणे हे सगळे पहिल्या दोन-तीन दिवसांत टिपेला जाते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. ह्यूज या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कोणाच्याही मदतीविना सिगारेट सोडणाऱ्यांचे उपलब्ध अभ्यास एकत्र मांडले. त्यांतले बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा ओढू लागले होते. सहा महिने ते वर्षभर टिकलेले शंभरांत तीन ते पाच निघाले. या आकड्यांपाशी थोडे थांबावे. शपथ मोडण्याचा सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे शपथेनंतरचा आठवडा, आणि आपल्या सगळ्या रीती नेमक्या त्याच आठवड्यात माणसाला एकटे सोडतात. देवळातून परतलेल्याला मंगळवारी कोणी विचारत नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको त्याला ‘एवढं चिडायला काय झालं’ म्हणते आणि पाचव्या दिवशी तोच विचार त्याच्या मनात येतो.

याच ठिकाणी शपथेचे दुसरे अंग उलटते. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात एक भेद केला होता: एकदा चूक होणे वेगळे आणि पूर्ववत होणे वेगळे. पहिल्यातून दुसऱ्यात माणूस जातो तो पदार्थामुळे जेवढा, तेवढाच ‘आता मोडलेच ना, मग काय राहिले’ या भावनेमुळे. निश्चय जितका निरपवाद, तितकी ही भावना जोरकस. भंडारा उचलणाऱ्यावर हा भार कितीतरी पट पडतो. त्याने स्वतःचाच शब्द मोडला असे नाही. देवाचा मोडला, आणि चारचौघांसमोर मोडला. कोप होईल ही भीती, लोक हसतील ही लाज, आणि पुन्हा शपथ घ्यायला तोंड नाही ही अडचण. मग तो आधी चोरून ओढतो आणि पुढे उघड. काही जण यातून पळवाट काढतात ती मोठी हुशारीची: शपथ विडीची घेतली होती, तंबाखू मळायला काय हरकत? किंवा तंबाखूची घेतली होती, मावा कुठे तंबाखू आहे? सुपारी, चुना आणि तंबाखू एकत्र घोटून केलेला मावा हा तंबाखूचाच प्रकार आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. शपथेचे अक्षर पाळून तिचा जीव काढण्याची ही सोय मूळ शपथेच्या रचनेतच आहे, कारण ती पदार्थाच्या नावाने घेतली जाते, दिवसाच्या नावाने नाही.

कोणी म्हणेल, मग शपथांनी तंबाखू सुटलेली हजारो माणसे आहेत त्यांचे काय? आहेत, आणि त्यांची गोष्ट खोटी नाही. वारकरी घराण्यांत माळ घातल्यावर आयुष्यभर व्यसनाला न शिवलेली माणसे आहेत; बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघासारख्या चळवळींनी कीर्तनाच्या वाटेने तरुणांना वळवले आहे. पण माळ कोणत्या वाटेने टिकते ते पाहिले पाहिजे. ती घातली जाते एका दिवशी आणि जपली जाते रोज: हरिपाठ, एकादशी, भजनाची बैठक, आणि दर वर्षी पुन्हा वारी. एकदा पंढरपूर झाले, आता काम संपले, असे कोणताच वारकरी म्हणत नाही. इथे सोडणाऱ्याला चौघांची तंबाखूची बैठक गेली तर दुसरी बैठक मिळते. म्हणजे जिथे शपथ यशस्वी झाली तिथे ती एका दिवसाची नव्हतीच. श्रावणाचेही तसेच. श्रावणात सोडून भाद्रपदात धरणाऱ्यांची टिंगल होते, मला ती अन्यायाची वाटते. महिनाभर न ओढता राहता येते हा अनुभव त्याच्या गाठीशी असतो, आणि तो दर वर्षी येतो. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०१२ मध्ये ऑक्टोबरचे २८ दिवस सिगारेट सोडण्याची ‘स्टॉप्टोबर’ ही मोहीम काढली ती याच हिशेबावर, की जो २८ दिवस काढतो त्याचे पुढे टिकण्याचे प्रमाण खूप वाढते. रमजानचा महिनाही याच जातीचा. दिवसभर झुरका नाही, सूर्यास्तानंतर मोकळीक. आपल्याकडे महिना आहे, समाज आहे, स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली शिस्त आहे. संपल्यावर काय करायचे हे कोणी ठरवलेले नाही एवढेच.

आता बंदीकडे. शपथ ही व्यक्तीची आणि बंदी ही सरकारची, पण स्वभावाने दोघी सख्ख्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या बायकांची मिशरी घ्या. तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, सकाळी दातांना लावायची आणि मग कामाच्या अधेमधे पुन्हा. १९९२ मध्ये केंद्राने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये लक्ष्मीकांत खटल्यात ती उचलून धरली. कारखान्यातले मंजन त्या मनाईने आवरले. घरच्या तव्याला कायदा कुठून लागणार? पुरुषाच्या विडीला निदान चौकात उभे राहून नावे ठेवता येतात. मिशरी मोरीत आणि परसात लावली जाते, तिला व्यसन म्हणायची पद्धत नाही, म्हणून ती सोडायची शपथही कोणी घ्यायला लावत नाही. जी सोडायला जाते ती पहिल्याच दिवशी डोके दुखले, पोट साफ झाले नाही म्हणून परत लावते, आणि सासू-नणंदा ते बरोबरच आहे असे सांगतात. घसरणे इतके सहज आणि इतके एकाकी दुसऱ्या कोणत्याही तंबाखूत नसेल.

गुटख्याची कहाणी कायद्याच्या पुस्तकांत अधिक ठसठशीत आहे. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा बंद केला. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २००४ मध्ये, गोदावत पान मसाला प्रॉडक्ट्स या नावाने नोंदलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. राज्याच्या अधिकाऱ्याला असा अधिकारच नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे. राज्याची पहिली शपथ अशी मुदतीआधीच मोडली. मग २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटिन नको असा २०११ चा नियम आला, आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली. कर्नाटकाने घातली ती मे २०१३ अखेर. मधले दहा महिने कागलात जी पुडी गुन्हा होती ती सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की उघड दुकानात मिळत होती. दोन्हीकडे बंदी झाल्यावर उत्पादकांनी पानमसाला एका पुडीत आणि सुगंधी तंबाखू दुसऱ्या पुडीत घातली. गिऱ्हाईक दोन्ही फोडून तळहातावर एकत्र करू लागले. विडीची शपथ घेऊन मावा खाणाऱ्याची युक्ती आणि ही युक्ती एकच. तरीही मी बंदीला निरर्थक म्हणणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या ३०व्या कलमान्वये अशी मनाई एका वेळी एक वर्षापुरतीच घालता येते, म्हणून सरकारला ती दर वर्षी नव्याने काढावी लागते. कायदा करणाऱ्यांच्या मनात काही का असेना, पुन्हा पुन्हा घ्यायची शपथ कशी असते ते इथे शासनानेच दाखवून दिले आहे. मोडली, पळवाट सापडली, नवी अधिसूचना काढली, सुगंधी तंबाखू त्यात घातली. आणि कोणी मंत्रालयाला मनाचे कच्चे म्हटले नाही.

या सगळ्याचा परिणाम काय झाला? जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, २००९-१० मध्ये, महाराष्ट्रातले ३१.४ टक्के प्रौढ कोणती ना कोणती तंबाखू वापरत होते. २०१६-१७ च्या दुसऱ्या फेरीत २६.६ टक्के. धूम्रपान ६.६ वरून ३.८ वर आले, म्हणजे सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. चघळायची, लावायची तंबाखू २७.६ वरून २४.४ वर. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून जी बंदी लागू झाली, तिने विडीची जागा अडवली हे उघड आहे: एस.टी.त, कचेरीत, चहाच्या टपरीवर पेटवणे अवघड झाले. मळलेली तंबाखू ओठाआड ठेवायला मात्र कोणतीच जागा अडत नाही. विडी सोडलेल्यांतले किती जण तंबाखूकडे वळले हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, पण दोन घटींतला हा फरक एवढे सुचवतो की जिथे रोजच्या जागेचा आणि वेळेचा अडसर उभा राहिला तिथे सुटणे सोपे गेले. त्याच सर्वेक्षणानुसार देशातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी आदल्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केला होता. इच्छा नाही, असे म्हणायला हा आकडा वाव ठेवत नाही. इतक्या प्रयत्नांनंतरही बहुतेक जण ओढणाऱ्यांतच मोजले गेले, तेव्हा उणीव इच्छेनंतरच्या दिवसांत शोधली पाहिजे.

त्या दिवसांचे काय करता येते याचा पुरावा आपल्याच राज्यातल्या संशोधकांनी दिला आहे. डॉ. वसंत खानोलकरांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि चघळण्या-ओढण्याच्या सवयींचा रोगाशी संबंध पुढे ठेवला. त्यानंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन गटाने, डॉ. फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांनी, पुणे जिल्ह्यासकट अनेक जिल्ह्यांत गावोगाव फिरून तोंडे तपासली. त्यांचा सर्वांत मोलाचा प्रयोग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या एकेका जिल्ह्यात सुरू झाला: तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६,००० जणांना दर वर्षी पुन्हा गाठायचे, तोंड तपासायचे, समोर बसून बोलायचे, फिल्म दाखवायची, आणि पुढच्या वर्षी परत यायचे. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच वर्षांचा हिशेब आला. जिथे ही पुन्हा पुन्हा भेट झाली तिथे सोडणारे आणि कमी करणारे अधिक निघाले, आणि तोंडातले कर्करोगपूर्व पांढरे चट्टे नव्याने येण्याचे प्रमाण घटले. यात ना आण होती ना दंड. गेल्या वर्षी सोडून पुन्हा धरलेल्या माणसाच्या दारातही डॉक्टर पुन्हा येत होता, एवढेच. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण ब्राउन शुगरच्या रुग्णांसाठी होते, पण त्यांनी व्यसनाकडे पाहायची जी पद्धत रुजवली ती इथेही लागू आहे. स्वतः व्यसनातून बाहेर आलेले तिथे समुपदेशक होतात, बाहेर पडलेल्यांच्या पाठपुराव्याच्या बैठका होतात, आणि घसरून परत आलेल्याला दार बंद होत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की घसरणे स्वाभाविक आहे असे सांगितले की माणसाला निमित्त मिळते. भीती हाच काय तो त्याचा आधार, तोही तुम्ही काढून घेता. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण भीतीने सोडलेले लोक खरेच आहेत, विशेषतः शेजाऱ्याचा जबडा कापलेला पाहिल्यावर. पण भीती पहिला दिवस मिळवून देते. आठव्या दिवशी तीच भीती ‘आपण मोडले’ हे कबूल करायला अडवते. घसरणे अपेक्षित आहे असे म्हणणे आणि चालेल असे म्हणणे यांत अंतर आहे. खासबाग मैदानात चीतपट झालेल्या पैलवानाला वस्ताद शाबासकी देत नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत बोलावतो, आणि कोणत्या डावावर पडलास ते विचारतो. दुसरा आक्षेप असा की जगात सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कोणाचीही मदत न घेता सोडली आहे. खरे आहे. मात्र ही मोजणी यशस्वी झालेल्यांची आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे अनेक फसलेले प्रयत्न असतात. एकट्याने जमते याचा अर्थ एकट्यालाच सोडावे असा निघत नाही. तिसरा आक्षेप पोटाचा: तंबाखू सुटली तर निपाणीची वखार आणि विडी वळणारी बाई कुठे जाईल? इथे जमिनीचा दाखला उपयोगी पडतो. राधानगरीपासून काळम्मावाडीपर्यंतच्या धरणांचे पाणी आणि कोल्हापुरी बंधारे जसजसे पोचले तसतसा जिरायत तंबाखूच्या रानात ऊस आला, सोयाबीन आले. शेतकऱ्याने तंबाखू सोडली ती कोणी उपदेश केला म्हणून सोडली नाही. तिच्या जागी दुसरे काही उभे करता आले म्हणून सोडली. जिथे पाणी गेले नाही तिथे ती अजून आहे. वखारीतल्या बाईला असा पर्याय मिळाला नाही, आणि तिची बाजू सोडून व्यसनमुक्तीचे बोलणे मला अर्धवट वाटते.

मग या जिल्ह्यात आज कोणती साधने आहेत? सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा क्रमांक छापला जातो. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो, आणि २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत निकोटिन बदली उपचारांचा समावेश झाला. पण विडीचे बंडल फोडून विड्या सुट्या विकल्या जातात आणि मावा कागदात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मिळतो. ज्या पाकिटावर क्रमांक आहे ते पाकीट गरिबाच्या हातात येतच नाही. त्याच्या दारात दर वर्षी जाणारी व्यक्ती आहे ती आशा सेविका. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती भरायचा एक सरकारी अर्ज तिच्याकडे असतो आणि त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. उत्तराला तीन पर्याय: कधीच नाही, पूर्वी घेत होतो किंवा आता कधीतरी घेतो, रोज घेतो. दहा वर्षांपूर्वी सोडून सुखाने राहिलेला आणि मागच्या आठवड्यात घसरलेला, दोघांना एकाच चौकटीत एकच गुण पडतो. धोका मोजायला हे पुरत असेल, पण ज्याच्याकडे त्याच आठवड्यात पुन्हा जायला हवे होते तो या चौकटीत सापडत नाही. तिथे आणखी दोन ओळी हव्यात: शेवटची कधी सोडली होती, आणि कशाने पुन्हा सुरू झाली.